उलटं बांधलेलं हॉटेल?

कळवणकडची शाळा सहलीला मुंबईस निघाली म्हणजे गेटवे ऑफ इंडिया ठरलेलंच. मुलं आधी समुद्राकडे धावतात आणि मग मागं वळून त्या घुमटाच्या इमारतीकडे बघत राहतात. तेवढ्यात कोणीतरी सांगतो, “हे ताजमहाल हॉटेल उलटं बांधलं गेलं. तोंड समुद्राकडे हवं होतं, ते गावाकडे झालं. ते पाहून आराखडा काढणाऱ्यानं वरून उडी टाकली!” मुलांचे डोळे विस्फारतात. गुरुजीही मान डोलावतात.

मंडळी, ही गोष्ट साफ खोटी आहे बरं का. आराखडा काढला तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी. वैद्य 1900 साली वारले आणि हॉटेल उघडलं 16 डिसेंबर 1903 रोजी. पुरी झालेली इमारत त्यांच्या दृष्टीसच पडली नाही, मग ती पाहून जीव कोठून देणार? उरलेलं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रजानं तडीस नेलं. दरवाजा गावाच्या अंगाला ठेवला तो समजूनउमजून. पाहुण्यांच्या घोडागाड्या शहरातून येणार, त्या तिकडेच थांबाव्यात आणि समुद्राची बाजू खोल्यांना मोकळी राहावी. गेटवेची कमान तर तेव्हा नव्हतीच. ती 1924 साली पुरी झाली.

हॉटेल काढलं जमशेटजी टाटांनी. वॉटसन हॉटेलात मज्जाव झाला म्हणून रागानं काढलं, असंही सांगतात. त्याला पक्का पुरावा नाही. मात्र दिवस कसे होते ते पाहा. 1896 साली मुंबईत प्लेग शिरला, माणसं शहर सोडून पळाली, आणि अशा पडत्या काळात हा गृहस्थ पाहुण्यांसाठी वाडा उभारायला निघाला. लोखंडाचा कारखाना काढायचं बोलता बोलता ही खानावळ कुठली काढली, असं घरच्यांनीच विचारलं म्हणतात!

आत विजेचे दिवे, पंखे, माणसं वर नेणारी लिफ्ट, तुर्की पद्धतीची न्हाणीघरं. आज याचं नवल वाटणार नाही. पण 1903 साली मुंबईची ट्रामसुद्धा घोडे ओढत होते. विजेची ट्राम 1907 साली आली. एवढा थाट, आणि पहिल्या दिवशी पाहुणे म्हणे अवघे सतरा! आपल्या सप्तशृंगगडावर चैत्रात एका ओसरीवर याहून जास्त माणसं पथारी टाकतात. पुढं पहिल्या महायुद्धात इथंच सहाशे खाटांचं इस्पितळ झालं.

26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अतिरेकी आत शिरले. घुमटाखाली आग लागली, 31 माणसं गेली. नोकरमंडळींना मागच्या वाटा ठाऊक होत्या, निघून जाता आलं असतं. पण कित्येकजण पाहुण्यांना बाहेर काढण्यासाठी थांबले आणि त्यांतले काही परतले नाहीत. जुनी इमारत दुरुस्त होऊन 15 ऑगस्ट 2010 रोजी पुन्हा उघडली.

आता गुरुजनांसाठी एक गोष्ट. नाशिकरोडहून गाडीनं निघालेली सहल बहुधा बोरीबंदरला, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरते. 1888 साली पुरं झालेलं ते स्टेशन स्टीव्हन्ससाहेबाचं म्हणून प्रसिद्ध आहे. त्याच्या हाताखाली त्या कामावर हेच सीताराम खंडेराव वैद्य होते. तेव्हा गाडीतून उतरल्यावर मुलांना तिथंच दोन मिनिटं थांबवा आणि हे नाव सांगा. पुढं गेटवेवर कोणी उडीची गोष्ट काढली, तर उत्तर मुलंच देतील.