माथ्यावरचे पाणी



वाशीमजवळ काटा नावाचे गाव आहे. त्याच्या परिसरात काटेपूर्णा उगम पावते आणि उत्तरेला अकोल्याकडे उतरते. पुढे पूर्णा, मग तापी, अखेर अरबी समुद्र. याच जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला पडलेला पाऊस मात्र पैनगंगेत जातो; वर्धा, प्राणहिता, गोदावरी करीत तो बंगालच्या उपसागराला मिळतो. अडाण आणि अरुणावती याही आपल्याच माथ्यावरच्या. त्या यवतमाळकडे वळतात. गुरुजी, हे वर्गातल्या नकाशावर बोटाने दाखवा. एकाच ढगाचे पाणी दोन समुद्रांना, याची मुलांना मोठी गंमत वाटेल.

शेतकऱ्याला मात्र ही गंमत नव्हे. काटेपूर्णेचे पाणी महानच्या धरणात साठते आणि अकोला शहर ते पिते. त्याबद्दल कुरकुर नको. तहानलेल्याला पाणी देणे ही आपली रीतच आहे. पण पाण्याबरोबर आपली काळी मातीही जाते ना! इकडे रान हलके होते, तिकडे धरणात गाळ बसून साठा घटतो. नुकसान दोघांचे, तर बांधबंदिस्तीचा खर्च एकट्या वरच्यानेच का सोसावा? मला विचाराल तर खालच्या पाणीपट्टीतला थोडा वाटा वरच्या शिवारातल्या बांधांवर खर्च व्हावा.

जिल्हा निराळा, असे कोणी म्हणेल. पूर्वी इथे पैनगंगेच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे निजामाचे राज्य होते. 1956 साली हे दोन्ही काठ एका राज्यात आले. 1998 साली अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा निघाला. शिवा बदलत गेल्या, उतार आहे तोच आहे.

आता आपल्या हातचे. सोयाबीन उताराला आडवे पेरा. उताराच्या दिशेने पेरले तर प्रत्येक तास म्हणजे एक नालीच. आडवे पेरले की तेच तास पाणी धरते. बांधाचे काम नेहमी माथ्यापासून धरावे. वरचे रान मोकळे ठेवून खाली नाला बांध घातला, तर तो लवकरच गाळाने भरतो.

आणि गुरुजी, पहिल्या मोठ्या पावसात मुलांकडून काचेच्या दोन बाटल्या भरून घ्या. एकीत बांध घातलेल्या शेतातून सांडलेले पाणी, दुसरीत मोकळ्या शेतातले. रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी किती माती बसली ते पट्टीने मोजा, आणि पुढच्या ग्रामसभेत त्या बाटल्या टेबलावर मांडा.