जुनी पात्रे, जुने प्रेक्षक

श्रोतेहो, पत्त्यांच्या एका डावापासून आजच्या भाषणाला आरंभ करतो. अंतराळातून जाणाऱ्या एका प्रचंड यानाच्या विश्रामगृहात दोघेजण समोरासमोर बसले आहेत. एक टक्कल पडलेला वृद्ध कप्तान, आणि दुसरा फिकट कांतीचा, पिवळसर डोळ्यांचा यंत्रपुरुष. कप्तान आपले सर्वस्व पणाला लावतो. यंत्रपुरुष शांतपणे पत्ते उघडतो, तो हातात पाच राण्या, आणि पाचही बदामाच्या! जोडात बदामाची राणी एकच असते हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या तत्क्षणी ध्यानात येते की हे स्वप्न आहे. समोर बसलेला मित्र कधीच मरण पावलेला आहे, आणि म्हातारा त्याला स्वप्नात का होईना, उठू देत नाही.

'स्टार ट्रेक : पिकार्ड' ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका जानेवारी २०२० मध्ये या प्रसंगाने सुरू झाली. तीन पर्वे आणि प्रत्येक पर्वाचे दहा भाग, असा तिचा विस्तार. एप्रिल २०२३ मध्ये ती संपली. मालिका कशी आहे, याहीपेक्षा तिने तिच्या प्रेक्षकांचे काय केले, आणि प्रेक्षकांनी तिचे काय केले, हा मला अधिक रंजक विषय वाटतो. आज बोलावयाचे आहे ते त्याविषयी.

ज्यांना या प्रकरणाची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडा पूर्ववृत्तान्त. जीन रॉडेनबरी यांनी रचलेली मूळ 'स्टार ट्रेक' १९६६ ते १९६९ अशी तीन वर्षे चालली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी दिसे. आमच्या चाळीत ज्या एका घरी दूरदर्शन संच होता, तेथे आम्ही पोरे दाटीवाटीने बसून, इंग्रजी एक अक्षर न समजता, ती डोळे विस्फारून पाहत असू. तिच्यामागून १९८७ साली दुसरी मालिका आली, 'द नेक्स्ट जनरेशन'. ती १९९४ पर्यंत सात वर्षे चालली, आणि तिचा नायक म्हणजेच कप्तान जाँ-लुक पिकार्ड. या मालिकांचे वेगळेपण त्यांतल्या यानांत किंवा शस्त्रांत नव्हते. मनुष्यजात पुढे शहाणी होईल, दारिद्र्य व वंशद्वेष मागे टाकील आणि केवळ जाणून घेण्यासाठी ताऱ्यांकडे जाईल, असे वचन त्या देत होत्या. पिकार्ड हा त्या वचनाचा मूर्तिमंत पुरुष. तोफ डागण्यापूर्वी तो बोलून पाही, आणि बोलण्याने भागत नसेल तर आणखी एकदा बोलून पाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम नमूद करतो, कारण तिचा विसर पडल्याशिवाय पुढचा कलह समजत नाही. आज ज्या पिकार्डला चाहते देव मानतात, त्याचे १९८७ साली स्वागत झाले ते संशयाने. जुन्या कप्तान कर्कचे भक्त विचारीत होते की, हा टकला, रंगभूमीवरून आलेला इंग्रज नट, आणि तोही फ्रेंच मनुष्याच्या भूमिकेत, आमच्या कप्तानाची जागा घेणार काय? नट पॅट्रिक स्ट्युअर्ट यांनाही मालिका टिकेल असा भरवसा नव्हता. आरंभीचे कित्येक दिवस आपण सामानसुद्धा सोडले नव्हते, असे ते स्वतः सांगतात. म्हणजे आजचे सनातन हे कालचे पाखंड होते. पण हे सांगून चाहत्यांना गप्प करता येते असे मात्र मला वाटत नाही. ते का, हे पुढे येईल.

या मालिकेतला यंत्रपुरुष म्हणजे डेटा. त्याला माणूस होण्याची ओढ. विनोद म्हणजे काय, मैत्री म्हणजे काय, हे तो सात वर्षे अभ्यासून शिकत राहिला. पुढे २००२ साली 'नेमेसिस' या चित्रपटात पिकार्डला वाचविताना त्याचा अंत झाला. चित्रपट पडला, मंडळी पांगली, आणि त्या कथेवर पडदा पडला तो पडलाच. अठरा वर्षे!

ऑगस्ट २०१८ मध्ये स्ट्युअर्ट यांनी लास व्हेगास येथील चाहत्यांच्या मेळाव्यात व्यासपीठावर येऊन आपण पुन्हा पिकार्ड होत असल्याचे जाहीर केले, तेव्हा सभागृहात आनंदाचा कल्लोळ उसळला. आरंभी त्यांनी या कल्पनेला नकारच दिला होता. होकार देताना त्यांनी अटी घातल्या: आपण पुन्हा गणवेश चढविणार नाही, आणि ही मालिका म्हणजे जुन्या सोबत्यांचे स्नेहसंमेलन होता कामा नये. ऐंशीच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या नटाची ही अट मला फार मोलाची वाटते. टाळ्या कशाला पडतील हे त्याला पक्के ठाऊक होते. त्याने तेच नको म्हटले.

पहिल्या पर्वाचे लेखनसूत्र कादंबरीकार मायकेल शेबन यांच्याकडे होते. त्यांनी दाखविलेला पिकार्ड राजीनामा देऊन फ्रान्समधल्या आपल्या द्राक्षमळ्यात बसला आहे. निर्वासितांना वाचविण्याचे वचन त्याच्या राज्यसंघाने भयापोटी मोडले, म्हणून त्याने नोकरी सोडली. आणि सोडल्यावर त्याचे कोणी ऐकेनासे झाले. तो पुन्हा यान मागावयास जातो, तेव्हा वरिष्ठ अधिकारी बाई त्याला शिवी हासडून घालवून देतात. ही शिवी चाहत्यांच्या जिव्हारी लागली. त्या जगात माणसे अशी बोलत नसत! पाचव्या भागात आणखी वाईट घडले. मागल्या एका मालिकेत ज्याला प्रेक्षकांनी पोरका मुलगा म्हणून जीव लावला होता, त्या ईचेबचा डोळा उपटून त्याला हालहाल करून मारलेले दाखविले. पुढे ह्यू नावाच्या दुसऱ्या एका जुन्या पात्राचीही हत्या झाली. जुन्या माणसांना मारण्यासाठीच परत आणता काय, असा आक्रोश उठला.

अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकविणारे माझे एक स्नेही आहेत. चाळीतल्या त्या दूरदर्शन संचासमोर आम्ही खांद्याला खांदा लावून बसत असू. ही मालिका आपल्याकडे ॲमेझॉनच्या प्राइम सेवेवर दिसे, आणि प्रत्येक भाग पाहून झाला की त्यांचा मला फोन येई. पाचव्या भागानंतर ते म्हणाले, "अरे, बातम्या पाहिल्यावर मनावर जे मळभ येते ना, ते घालवायला मी हे पाहत होतो. आता यांनी बातम्याच दाखवायला घेतल्या." तेथून पुढे त्यांनी पाहणे सोडले.

या वाक्यात, श्रोतेहो, चाहत्यांच्या रोषाचे मर्म आहे. त्यांना पोरकट म्हणणे सोपे आहे, आणि पुष्कळ टीकाकारांनी ते म्हटलेही. रोषाचा काही भाग पोरकट होताही. नायक म्हातारा का झाला, त्याचे हात का कापतात, असे विचारणे म्हणजे पंचाहत्तरी उलटलेल्या गवयाकडे पंचविशीतल्या ध्वनिमुद्रिकेतली तान मागण्यासारखे आहे. परंतु 'आम्हाला दिलेले वचन कोठे गेले?' हा प्रश्न पोरकट नव्हे. ज्याने एका उज्ज्वल भविष्याच्या चित्रावर विश्वास ठेवून तरुणपण काढले, त्याने ते चित्र काळवंडलेले पाहून कळवळावे, हे साहजिक आहे. कर्कच्या भक्तांची तक्रार होती ती माणूस बदलल्याची. ही तक्रार होती शब्द फिरविल्याची. म्हणूनच पूर्वीचा दाखला देऊन तिला उडवून लावता येत नाही. दुसऱ्या बाजूने, जग बदलले तर पिकार्ड बदलल्याशिवाय कसा राहील, असे स्ट्युअर्ट यांचे म्हणणे होते. तेही मला खोडता येत नाही.

दुसऱ्या पर्वाविषयी थोडक्यात आटोपतो. कथा २०२४ सालच्या लॉस एंजेलिसमध्ये नेली आणि तेथेच ती रेंगाळली. जुने चाहते व नवे प्रेक्षक यांचे ज्या एका बाबतीत एकमत झाले, ते हे पर्व फसल्याबद्दल.

मग २०२३ सालचे तिसरे पर्व. सूत्रे टेरी मॅटालस यांच्याकडे गेली. तरुणपणी याच मालिकाकुलात उमेदवारी केलेला हा लेखक. त्याने स्ट्युअर्ट यांच्या मूळ अटी बाजूस ठेवल्या आणि नेमके स्नेहसंमेलनच भरविले. रायकर आला, ट्रॉय आली, डॉक्टर क्रशर आली, अंध जॉर्डी आला, पांढऱ्या केसांचा आणि शांतिव्रत घेतलेला योद्धा वर्फ आला. पहिल्या पर्वात ज्यांना नायकाचे नवे सहकारी म्हणून पुढे केले होते, त्यांतली बहुतेक पात्रे मात्र निरोपही न घेता नाहीशी झाली. त्यांचेही चाहते होते. थोडे होते, म्हणून त्यांचा आवाज कोणाला ऐकू आला नाही. नवव्या भागाच्या शेवटी दिवे लागले, आणि १९९४ च्या चित्रपटात कोसळलेले जुने यान 'एन्टरप्राइज' समोर उभे राहिले. जॉर्डीने वीस वर्षे खपून ते दुरुस्त केले होते. प्रत्यक्षात कारागिरांनी नियंत्रणकक्षाचा देखावा नव्याने उभारला होता. आत शिरल्यावर पिकार्ड म्हणतो काय, तर येथल्या गालिच्याची फार आठवण येत असे! त्या रात्री साडेअकराला माझ्या स्नेह्यांचा फोन आला. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

आता माझा संशय सांगतो. या पर्वाच्या कथेत शत्रूने जे कारस्थान रचले, त्यामुळे पंचवीस वर्षांखालचे सर्व अधिकारी एकाएकी शत्रूच्या ताब्यात जातात. नवी याने एकमेकांना जोडलेली, म्हणून तीही जातात. उरतात कोण? सात वृद्ध आणि एक संग्रहालयातले यान. आणि ते जग वाचवितात. ही कथा मला अतिशय गोड लागली. ती इतकी गोड का लागली, याचा दोन दिवस विचार केल्यावर ध्यानात आले की तिने माझी स्तुती केली होती. केस पिकलेल्या प्रेक्षकाला तिने सांगितले की, तरुण बिघडले आहेत, नवी यंत्रे धोक्याची आहेत, आणि तुझ्या तारुण्यातले जे जे होते तेच अखेर कामास येणार. 'द नेक्स्ट जनरेशन', म्हणजे पुढची पिढी, असे नाव मिरविणाऱ्या मंडळींकडून हे ऐकावे, हा योगायोग मोठा विचित्र आहे. चाहत्यांनी मात्र या पर्वाला डोक्यावर घेतले, आणि पुढची मालिका काढा म्हणून हजारोंनी सह्या केल्या.

आणि डेटा? पहिल्या पर्वाच्या अखेरीस असे उघड होते की त्याचे मन एका यंत्रात जतन करून ठेवलेले आहे. तेथे पिकार्डची आणि त्याची भेट होते, आणि डेटा एकच मागणे मागतो: मला संपव. ज्याला अंत नाही ते मनुष्याचे जीवन नव्हे, आणि मला थोडा वेळ का होईना, माणूस म्हणून जगावयाचे आहे. पिकार्ड ते मागणे पुरे करतो. यंत्रातल्या त्या खोलीत डेटा काही क्षणांत वृद्ध होत जातो, मित्र त्याच्या उशाशी बसून राहतो, आणि ज्योत मालवते. या प्रसंगाला मी तिन्ही पर्वांतला सर्वश्रेष्ठ प्रसंग मानतो. आर्थर कॉनन डॉयलने १८९३ साली होम्सला धबधब्यात लोटले आणि वाचकांच्या हट्टामुळे १९०३ साली परत आणले. पण होम्सने स्वतः मरण मागितले नव्हते. डेटाने मागितले होते. तरीही तिसऱ्या पर्वात तो परत आला, नव्या देहात, सुरकुतलेल्या चेहऱ्याने. कारण नट ब्रेंट स्पायनर यांचे वय आता कोणत्याही रंगाखाली झाकणारे नव्हते.

हे परत येणे मी धिक्कारतो असे समजू नका. दुष्ट भावाबरोबरच्या अखेरच्या झुंजीत डेटा आपल्या आठवणी एकेक करून त्याला देऊन टाकतो, त्यांत मांजराची आठवण असते आणि पत्त्यांचा जोडही असतो. भाऊ त्या हावरेपणाने घेत जातो आणि अखेर त्याच आठवणींनी बनलेला, म्हणजे डेटाच, होऊन जातो. हा प्रसंग रचणाऱ्याला पात्राचे मर्म कळलेले होते यात शंका नाही. तथापि मरणाऱ्याची शेवटची इच्छा आपण, म्हणजे आम्हा चाहत्यांच्या प्रेमाने, मोडविली, हे ओझे माझ्या मनावरून उतरत नाही.

मालिकेचा शेवटही पत्त्यांच्या डावावर होतो. जुन्या मालिकेत हे अधिकारी नेहमी पत्ते खेळत. पिकार्ड मात्र सात वर्षांत तेथे कधी बसला नाही, १९९४ च्या अगदी शेवटच्या प्रसंगात बसला. २०२३ साली तीच सात माणसे पुन्हा टेबलाभोवती बसली. या वेळी नटांना संवाद लिहून दिले नव्हते. पत्ते दिले आणि खेळू दिले. नामावली सरकत राहते आणि ही मंडळी खरोखरीच हसत, एकमेकांना चिडवीत खेळत असतात. पाच राण्या कोणाच्याच हातात नाहीत.

माझ्या स्नेह्यांनी तो शेवट चार वेळा पाहिला. मी त्यांना म्हटले, आता पहिल्या पर्वाचा दहावा भागही पाहून टाका. तुम्ही पाचव्यावर थांबला होता. "पाहीन," ते म्हणाले, "पण त्यात तो मरतो ना?" अजून त्यांनी तो पाहिलेला नाही.