जपानच्या शिकलेल्या भगिनी आणि आपण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



जपान म्हटलं की आम्हा गिरणी कामगारांना वरळीचं जपानी बुद्धमंदिर आणि तिथला तो ढोल आठवतो. आज आम्ही बोलणार आहोत ते त्या देशातून परदेशी जाऊन शिकलेल्या बायांबद्दल. बौद्ध देश म्हणून तिथे मुलींना शिक्षणाची दारं आपोआप उघडी होती, असं मात्र कुणी समजू नये.

१८७१ साली जपान सरकारने पाच मुली अमेरिकेला शिकायला पाठवल्या. पुण्यात सावित्रीमाईंनी शाळा सुरू केली, त्याला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. पाचांपैकी सर्वांत धाकटी त्सुदा उमेको. वय अवघं सहा! आपण सहा वर्षांच्या पोरीला नाक्यावर एकटी सोडत नाही. दोघी लवकर परतल्या, तिघी टिकल्या. त्यातली यामाकावा सुतेमात्सु १८८२ साली पदवीधर झाली. अशी पदवी घेणारी ती पहिली जपानी स्त्री. उमेकोही त्याच वर्षी मायदेशी आली, तर स्वतःची मातृभाषाच विसरलेली! आणि ज्या सरकारने पाठवलं, त्याच्याकडे या मुलींना द्यायला कामच नव्हतं. शिकवून झालं, पुढे काय, याचा विचार कुणी केला नव्हता.

उमेको १८८९ मध्ये पुन्हा अमेरिकेला गेली, ब्रिन मॉर कॉलेजात जीवशास्त्र शिकली. पण शिकता शिकता तिने जे केलं, ते आम्हाला जास्त मोठं वाटतं. तिने तिथे भाषणं केली, ओळखीच्या बायांना गोळा केलं आणि ८,००० डॉलरचा निधी उभा केला. मुद्दल तसंच ठेवायचं आणि व्याजावर जपानची एक एक मुलगी तिथे शिकायला आणायची. मग १९०० साली टोकियोत दहा मुलींवर स्वतःची शाळा काढली. २०२४ पासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचं चित्र आहे.

त्याच निधीतून फुजिता ताकी शिकली, १९२५ ला पदवी घेऊन परतली. जपानी बायांनी पहिल्यांदा मतदान केलं ते एप्रिल १९४६ मध्ये, आणि ३९ जणी निवडून आल्या. त्याच वर्षी विद्यापीठात शिकलेल्या बायांनी आपली संघटना काढली. ताकी तिची पहिली अध्यक्ष. अशा संघटनांचा जागतिक महासंघ १९१९ पासून होता, त्यात जपानची संघटना १९५४ ला गेली. परक्या मुलखात गेलेल्या बाईला ओळखीचं दार असावं, हा त्यातला एक हेतू. लंडनचा क्रॉस्बी हॉल अशाच, बाहेरून अभ्यासाला आलेल्या बायांसाठी राहायची जागा होती.

आपल्या कित्येक मुली चर्चगेटला ज्या एसएनडीटीत शिकल्या, ते काढण्याची कल्पना कर्व्यांना टोकियोच्या महिला विद्यापीठाच्या पुस्तिकेवरून सुचली. आणि बाबासाहेब? बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ ला ते अमेरिकेला गेले. सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं १९४६ ला. साल लक्षात घ्या.

आता आपलं बोलू. काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीतल्या एका मुलीला परदेशात प्रवेश मिळाला. आपण शाल दिली, श्रीफळ दिलं, फोटो काढला. तिकिटाला आणि पहिल्या महिन्याच्या खर्चाला पैसे कमी पडले, तेव्हा समितीत एकेकाने खाली मान घातली. त्यात आम्हीही होतो. त्या वर्षी जयंतीच्या लाउडस्पीकरला मात्र पैसे कमी पडले नाहीत. ती आज या सभेत बसली आहे, म्हणून नाव घेत नाही.

महिला मंडळाने यंदा दानपेटीशेजारी वेगळी पेटी ठेवली आहे, मुद्दल न मोडण्याच्या अटीवर. हिशेब पदवीधर मुलींच्याच हाती राहील, आम्हा पुरुषांच्या नाही. पावतीपुस्तक दाराशी आहे. पहिली पावती आम्ही फाडली आहे.

नमो बुद्धाय, जय भीम!