‘आउटलास्ट’ या क्रियापदाचे अध्यापन



इंग्रजीच्या पाठात ‘आउटलास्ट’ हे क्रियापद आले, की आपण फळ्यावर ‘अधिक काळ टिकणे’ असा अर्थ लिहून देतो. हा अर्थ चुकीचा नाही. परंतु अपुरा आहे. कोणापेक्षा अधिक, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो, आणि या क्रियापदाचे मर्म नेमके त्यातच आहे.

‘लास्ट’ म्हणजे टिकणे. ‘शेवटचा’ या अर्थाचा ‘लास्ट’ उच्चाराने व लेखनाने तसाच असला, तरी मुळात निराळा शब्द आहे, हे मुलांस प्रथम सांगावे. ‘टिकणे’ या अर्थाचे ‘लास्ट’ बहुधा अकर्मक असते. त्यामागे ‘आउट’ लागले, की दुसऱ्यावर सरशी केल्याचा भाव येतो व क्रियापद सकर्मक होते. ‘रन’पासून ‘आउटरन’ झाले, तेही याच रीतीने.

उदाहरण आपल्या जिल्ह्यातलेच घ्यावे. कल्याणजवळील अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले. तेथील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. तेराव्या शतकात यादवांनी शिलाहारांचे राज्य जिंकले. मंदिर मात्र आजही उभे आहे. म्हणून, ‘द टेंपल आउटलास्टेड द किंगडम.’ येथे ‘किंगडम’ हे कर्म आहे. ते गाळले, तर वाक्य अपुरे राहील.

मराठीत आपण ‘राज्यापेक्षा’ म्हणतो. त्यामुळे मुले ‘आउटलास्टेड दॅन’ असे लिहितात. ही चूक आळसाची नव्हे, मातृभाषेच्या सवयीची आहे. तिच्यासाठी रागावू नये. ‘पेक्षा’चा अर्थ ‘आउट’मध्येच सामावला आहे, एवढे दाखवून द्यावे.

‘आउटलिव्ह’ हा याचा सख्खा भाऊ. पण त्याचा ओढा आयुष्याकडे आहे. पत्नी पतीच्या मागे दहा वर्षे जगली, तर ‘आउटलिव्ह’ योग्य. दोन मल्लांपैकी एकाचा दम अधिक टिकला, तर ‘आउटलास्ट’. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली स्थापन झाले. त्याचे एक संस्थापक वि. ल. भावे १९२६ साली निवर्तले, आणि संस्था पुढे चालत राहिली. अशा ठिकाणी दोन्ही क्रियापदे चालतात.

पाठाच्या शेवटी प्रत्येक मुलाकडून गावातील दोन वस्तूंची नावे घ्यावीत: कौल आणि पेंढा, दगडी बांध आणि मातीचा बांध. कोणती कोणास पुरून उरली, हे त्याने आधी मराठीत सांगावे व मग इंग्रजीत लिहावे. घरी इंग्रजीचा एक शब्दही कानी न पडणाऱ्या मुलास पाठ केलेला अर्थ परीक्षेपुरता साथ देतो. स्वतः रचलेले वाक्य परीक्षेनंतरही त्याच्यापाशी राहते.