माळ्यावरचे दंव



ठाणे, कल्याण, डोंबिवलीत बर्फ पडत नाही. पण पौषातल्या निरभ्र पहाटे पत्र्याखालच्या माळ्यावर अंथरुणे ओलावतात, ट्रंकेतल्या भाड्याच्या पावत्या आणि शाळेचे दाखले बुरसतात. छप्पर गळते असे समजून आपण डांबर ओततो, घरमालकाशी भांडतो. पण पाऊस नसता टपकणारे आणि ऊन चढताच सुकणारे हे पाणी बरेचसे आपल्याच घरातले असते.

निरभ्र रात्री उघड्या वस्तू आपली उष्णता आकाशाकडे टाकून हवेहून थंड होतात, म्हणून त्यांवर दंव बसते, हे लंडनच्या विल्यम वेल्स या वैद्याने १८१४ साली मांडले. पत्र्याचेही तेच होते. ३० अंश सेल्सिअसची हवा घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम वाफ धरते. २० अंशांची जेमतेम १७. भाताची, आंघोळीच्या पाण्याची, आपल्या श्वासाची वाफ माळ्यावर चढते आणि थंड पत्र्याला लागून पाणी होते. कौलांच्या फटींतून ती निघून जाई. पत्र्याने ती वाट बुजवली.

म्हणून उपाय डांबराचा नव्हे, वाटेचा. आढ्यापाशी व वळचणीला जाळीची फट ठेवावी. स्वयंपाकघरातली व मोरीतली वाफ खिडकीवाटे बाहेर काढावी. ट्रंका पत्र्यापासून वीतभर दूर असाव्यात. हिवाळ्यात माळा दुपारी उघडावा. पावसाळ्यात मात्र बाहेरची हवाच ओली, तेव्हा उघडीप पाहूनच.

घरमालकाशी भांडण्याआधी आपण एवढे करून पाहू या.