वीजजोडणीतील पक्का जोड
(विद्यार्थी मार्गदर्शन वर्गातील व्याख्यानाचा गोषवारा)



परमपूज्य बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. विजेचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याशिवाय देशात उद्योग वाढणार नाहीत आणि गरिबी हटणार नाही, हे त्यांनी त्या वेळी आग्रहाने मांडले. आज आपली अनेक मुले आयटीआयमधून वीजतंत्री, तारतंत्री होऊन बाहेर पडत आहेत. त्यांच्यासाठी मी एक छोटा पण जिवाशी गाठ असलेला विषय घेतला आहे. तो म्हणजे तारेच्या टोकाला लग दाबून बसवणे, अर्थात क्रिम्पिंग.

पुष्कळांचा समज असा, की एमसीबी बसवला म्हणजे आगीची भीती संपली. हा समज खोटा आहे. २००० वॅटचा गिझर सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेतो. त्याच्या वायरीतील एका सैल जोडाचा रोध अवघा ०.१ ओहम असला, तरी बोटाच्या पेराएवढ्या त्या जागी सुमारे ८ वॅट उष्णता निर्माण होते. तापल्याने जोड आणखी बिघडतो, रोध वाढतो आणि शेवटी वायरीचे आवरण जळू लागते. या सर्व वेळात प्रवाह वाढलेला नसतो, म्हणून एमसीबी पडत नाही. जोड आधीच पक्का करणे हाच यावर उपाय.

आता कृती सांगतो. प्रथम मेन स्विच बंद करा. नुसत्या टेस्टरवर भिस्त न ठेवता मीटरने वीज नसल्याची खात्री करा. वायरीच्या मापाचाच लग घ्या. आवरण असलेल्या लगांत लाल रंग ०.५ ते १.५, निळा १.५ ते २.५ आणि पिवळा ४ ते ६ चौरस मिलिमीटर वायरीसाठी असतो. लग लहान पडला म्हणून तारेचे पदर कापू नका. मोठा झाला म्हणून तार दुमडून कोंबू नका. आवरण सोलताना एकही पदर तुटू देऊ नका.

दाबण्यासाठी पकड किंवा हातोडी वापरू नये. त्यांनी लग चपटा होतो, पण आत पोकळी राहते. रॅचेटचे क्रिम्पिंग टूल पुरता दाब बसल्याशिवाय उघडत नाही, हाच त्याचा गुण. दाबल्यावर लग हाताने जोरात ओढून पाहा. निसटला तर कापून नवा बसवा. तोच पुन्हा दाबू नका. क्रिम्प करण्यापूर्वी तारेला डाग देऊ नका, कारण दाबाखाली शिसे-कथलाचा डाग हळूहळू सरकतो आणि जोड सैल पडतो. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीला जोडताना दोन्ही धातूंचा, म्हणजे बायमेटल लग वापरा.

मित्रहो, १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला आपण वस्तीत रोषणाई करतो. वायरी पिळून, वर टेप गुंडाळून माळा जोडल्या जातात आणि त्यांच्याखालीच आपली मुले खेळतात. असे जोड बंद पेटीत, मुलांच्या हाताबाहेर असले पाहिजेत. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलाच पाहिजे.

ठेकेदार घाई करील, ‘पकडीने दाब, चालतंय’ म्हणेल. तेव्हा नम्रपणे पण ठामपणे योग्य टूल मागा. आपल्या हातचा जोड ज्या घरात जाणार, तिथे माणसे झोपणार आहेत. धम्मात ज्याला अप्पमाद म्हणजे सतत जागरूकता म्हटले आहे, ती कामाच्या जागीही पाळायची असते.

शेवटी एक सूचना. संस्थेने एक चांगले क्रिम्पिंग टूल विकत घ्यावे. जयंतीच्या मंडपाचे काम परवानाधारक तारतंत्रीकडे द्यावे आणि आपल्या विद्यार्थ्यांनी त्याच्या हाताखाली उभे राहून ते शिकावे. एवढे झाले तरी आजच्या बोलण्याचे सार्थक होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!