एका खानावळवाल्याचे स्मरण
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



अशा मंगल प्रसंगी थोर पुरुषांचे गुणगान करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आज आम्ही मात्र एका खानावळवाल्याचे स्मरण करण्यासाठी उभे आहोत. ज्याच्या हातचे खाऊन पिढ्या वाढतात, पण ज्याचे चरित्र सहसा कोणी लिहीत नाही, असा हा व्यवसाय आहे.

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील 'पूना गेस्ट हाऊस' आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाचे असेल. नानासाहेब सरपोतदारांनी ते १९३५ साली सुरू केले. कोकणातून आलेले हे गृहस्थ मूळचे चित्रपटसृष्टीतले. कोल्हापुरास बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी त्यांनी पटकथा लिहिल्या. पुढे १९२५ साली अस्पृश्यतेच्या प्रश्नावर 'महाराची पोर' हा मूकपट काढण्याचे धाडस त्यांनी केले आणि पुण्यात आर्यन फिल्म कंपनी उभारली.

इतक्यात १९३१ साल उजाडले आणि पडदा बोलू लागला. मुंबईच्या इंपीरियल कंपनीने 'आलम आरा' काढला. त्याच वर्षी त्याच कंपनीचा 'कालिदास' हा बोलपट तमिळ गाणी घेऊन आपल्या या मद्रासेत झळकला. मूकपटाला प्रांताचे बंधन नव्हते. पाट्या बदलल्या की तो कोठेही चाले. बोलपटाबरोबर भाषेच्या भिंती उभ्या राहिल्या आणि मूकपटाचा धंदा बुडाला. आर्यन कंपनीही टिकली नाही.

नानासाहेब मात्र खचले नाहीत. ज्या कलावंतांसाठी आजवर कथा लिहिल्या, त्यांच्यासाठी त्यांनी चूल पेटवली. १९४० साली त्यांचे निधन झाले, म्हणजे या नव्या संसाराला जेमतेम पाचच वर्षे लाभली. परंतु त्यांचे पुत्र चारुदत्त, अर्थात सर्वांचे चारुकाका, यांनी तो वसा पुढे चालवला. नाटकमंडळी, चित्रपटवाले, लेखक, गायक यांचा तेथे सतत राबता असे. गिऱ्हाइकाने मालकाला 'काका' म्हणावे, याहून मोठी पावती खानावळवाल्याला कोणती मिळणार? त्या काळचे बहुसंख्य मूकपट काळाच्या उदरात गडप झाले. थालीपीठाचा तवा मात्र तापतच राहिला.

हे पुण्याचे पुराण येथे कशासाठी, असे कोणी विचारील. आम्ही चौघे मित्र नोकरीनिमित्त प्रथम या शहरी आलो, तेव्हा आम्हांस तमिळचे एक अक्षर येत नव्हते. पश्चिम मांबळममधील एका गल्लीत आमची मेस होती. तिच्या मालकांना सारे 'मामा' म्हणत. शब्द त्यांचाही आणि आपलाही! संभाषण एवढेच असे : 'साप्टाच्चा?' म्हणजे, जेवलात का? आमच्यापैकी एकजण तापाने अंथरुणास खिळला, तेव्हा मामांनी आठ दिवस रसम आणि मऊ भाताचा डबा खोलीवर पोहोचवला. महिनाअखेरीस हिशेब मागितला, तर त्यांनी त्या आठ दिवसांपुढे रेघ ओढली होती. आजाऱ्याच्या पथ्याचे पैसे घेत नाहीत, असे त्यांनी खुणेनेच समजावले. पहिला पगार होताच सबंध उधारी चुकती केली. ती रेघ मात्र आजही आमच्या नावावर आहे.

मामा गेले, मेसही राहिली नाही. चारुकाकाही आज आपल्यात नाहीत. ज्या भाषेच्या भिंतीपुढे नानासाहेबांचा मूकपट हरला, ती भिंत मामांच्या ताटाला कधी आडवी आली नाही, हे मात्र आम्ही अनुभवले आहे.

आता थोडे स्पष्ट बोलतो. अलीकडे घरोघरी हवे ते आयते मिळते. म्हणून मंडळाची मासिक पंक्ती बंद करावी, असा विचार काहीजण बोलून दाखवतात. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. पानामागे तूट येते, वाढायला हात मिळत नाहीत. परंतु आजही सेंट्रल स्थानकावर एखादा मुलगा पेटी घेऊन उतरतो, एखादे कुटुंब उपचारांसाठी रुग्णास घेऊन येते. घरी आयते अन्न मिळेल, 'जेवलात का?' असे विचारणारे माणूस कोठून मागवणार?

म्हणून आमची विनंती एवढीच : पंक्ती चालू ठेवावी आणि प्रत्येक वेळी एक पान नवख्यासाठी राखावे. पुढील वर्षाची तूट आम्ही चौघे मित्र मिळून सोसू. मामांच्या त्या रेघेची थोडीतरी फेड होईल.